हातची पुस्तके आणि ग्रंथांची जत्रा



गेल्या हिवाळ्यात आपल्याच भागातील एका ग्रंथप्रदर्शनात मी हिंडत होतो. स्पर्धा परीक्षांची पुस्तके, पाककृती, व्यक्तिमत्त्व-विकास, सवलतीत मांडलेल्या कादंबऱ्या, असा नेहमीचा बाजार होता. मंडपाच्या अगदी टोकाला, पाणपोईच्या अलीकडे, एक निराळे टेबल होते. त्यावर हाताने केलेली सात-आठ पुस्तके मांडली होती. कागद हातकागदाचा, शिवण दोऱ्याची, चित्रे लाकडी ठशांची, आणि एक तर मोराच्या पिसाऱ्यासारखे उलगडणारे. चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या तरुण मंडळींनी मोठ्या कष्टाने ती केली होती. त्यांच्यापुढे एक पाटी होती : हात लावू नये.

सातवी-आठवीतील एक मुलगी तेथे आली. तिने पाटी वाचली, दोन्ही हात पाठीमागे गुंफले आणि वाकून पाहू लागली. बराच वेळ पाहून झाल्यावर तिने विचारले, "आत काय लिहिलंय?" टेबलाशी बसलेला मुलगा भांबावला. पुस्तके त्याची नव्हती. तो केवळ राखणदार होता. मुलगी आणखी थोडा वेळ उभी राहिली आणि निघून गेली.

त्या मुलाला मी दोष देत नाही, पाटी लिहिणाऱ्यालाही देत नाही. दोन महिने खपून केलेली एकुलती एक प्रत गर्दीच्या हाती सोपवणे सोपे नाही. परंतु त्या मुलीचा प्रश्न माझ्या मनातून जाईना. हाताने केलेले पुस्तक हाताला वर्ज्य का व्हावे? आपल्या पूर्वजांपाशी तर हाताने केलेल्या पुस्तकांवाचून दुसरी पुस्तकेच नव्हती. ती त्यांनी कशी केली, कशी मांडली आणि त्यांतली टिकली कोणती, हे पाहावे असे मला वाटले.

आरंभ घराजवळून करू. नालासोपाऱ्याचा स्तूप, ज्याला लोक बुरुड राजाचा कोट म्हणत, तो १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनी उकरला, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. त्याच वर्षी भाटेळा तळ्याजवळ अशोकाच्या आठव्या शासनलेखाचा एक तुकडा त्यांना मिळाला. १९५६ साली भुईगावाला नवव्या लेखाचा तुकडा सापडला. आठव्या लेखाचा सोपाऱ्याचा तुकडा लहान आहे, पण तो लेख गिरनारसारख्या इतर ठिकाणी पुरता मिळतो, म्हणून त्याचा आशय आपल्याला कळतो. पूर्वीचे राजे मौजेच्या आणि शिकारीच्या यात्रा काढीत. अशोक राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी बोधिवृक्षाच्या स्थानी जाऊन आला आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या, असे तो सांगतो. ह्या यात्रांत काय करावयाचे, तर श्रमण-ब्राह्मणांना भेटावयाचे, वृद्धांना भेटावयाचे, खेड्यापाड्यांतील लोकांचे दर्शन घ्यावयाचे, त्यांना उपदेश करावयाचा आणि धर्माविषयी विचारपूस होऊ द्यावयाची.

आपला 'जत्रा' हा शब्द 'यात्रा' ह्या शब्दाचेच बोलीतले रूप आहे. तेव्हा जत्रेविषयीचा सर्वांत जुना लिखित मजकूर आपल्या तालुक्यात दगडावर हाताने कोरलेला होता असे म्हटले, तर ती वसईकराची बढाई समजून आपण क्षमा कराल. मला त्यातले दोन शब्द महत्त्वाचे वाटतात : दर्शन आणि विचारपूस. त्या दिवशी मंडपात दर्शन होते. विचारपुशीला उत्तर देणारे कोणी नव्हते.

आता 'कलावंताचे पुस्तक' ह्या नव्या नावाविषयी थोडे. चित्रकाराने पुस्तक सजविले तर ते सचित्र पुस्तक. पण जेव्हा कागद, अक्षर, शिवण, घडी, पानांचा क्रम ह्या सगळ्यांसकट पुस्तक हीच कलाकृती होते, तेव्हा त्याला हे नाव देतात. इंग्लंडात विल्यम ब्लेकने १७८९ मध्ये आपल्या कविता आणि चित्रे एकाच तांब्याच्या पत्र्यावर उठवून, छापून, पत्नीच्या मदतीने हाताने रंगवून पुस्तके केली. शंभर वर्षांनी विल्यम मॉरिसने केल्मस्कॉट छापखाना काढला तो १८९१ साली, यंत्राच्या कुरूपतेवर चिडून. पुढे अमेरिकेत एडवर्ड रुशे ह्या चित्रकाराने १९६३ मध्ये पेट्रोलपंपांच्या सव्वीस छायाचित्रांचे एक साधे, स्वस्त पुस्तक काढले आणि उलटी वाट दाखवली. कलावंताचे पुस्तक दुर्मिळ असलेच पाहिजे असे नाही. ते खिशात मावावे आणि कोणालाही घेता यावे, हा त्या वाटेचा आग्रह. न्यूयॉर्कमध्ये अशा पुस्तकांसाठी 'प्रिंटेड मॅटर' नावाची संस्था १९७६ मध्ये निघाली आणि पुढे तिच्या जत्राही भरू लागल्या. म्हणजे परदेशातही दुर्मिळ वस्तू आणि हातोहात जाणारे पुस्तक, अशा दोन तऱ्हा आहेत आणि त्यांचे भांडण अद्याप मिटलेले नाही. असो.

आपल्याकडे हे भांडण वेगळ्या रूपात झाले. पोथी करणे हा एक धंदा होता, कला होती आणि पुण्यकर्मही होते. जुन्नरचा कागद किंवा दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याचा कागद आणावयाचा, तो घोटून गुळगुळीत करावयाचा, समास आखावयाचे, काजळाची शाई डिंकात खलावयाची आणि बोरूने लिहावयास बसावयाचे. चूक झाली तर तिच्यावर पिवळ्या हरताळाचा लेप देऊन वर पुन्हा लिहीत. आपण आज 'हरताळ फासला' म्हणतो तो ह्याच लेपावरून. पाने सुटी ठेवून वर-खाली लाकडी फळ्या लावीत आणि रुमालात बांधून पोथी कोनाड्यात ठेवीत. पाने सुटी का? तर चार माणसांत वाचावयाची असली म्हणजे वाचलेले पान उलटून ठेवता यावे आणि एखादे पान दुसऱ्याला नकलून घ्यावयास देता यावे म्हणून. बांधणीची ती रीतच मुळी अनेकांच्या हातांसाठी होती.

पोथीच्या शेवटी लेखक, म्हणजे नकलून घेणारा, एक ठरावीक विनंती लिहून ठेवीत असे. पोथी स्वतःच बोलते आहे अशी कल्पना करून तो म्हणे की, मला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. जुन्या पोथ्या चाळणाऱ्याला हा श्लोक पदोपदी भेटतो. मौज अशी की, त्या बिचाऱ्याची बोटे दुखून गेली असतील, मान मोडली असेल. तरीही 'कोणाच्याच हाती देऊ नका' असे तो म्हणत नाही. तेल, पाणी, सैल दोरा आणि मूर्ख हे चार शत्रू तो सांगतो. वाचकाचे नाव त्या यादीत नाही.

जिथे पोथी फार जपली, तिथे काय झाले? महानुभाव पंथाने तेराव्या शतकाच्या अखेरीस 'लीळाचरित्रा'सारखा मराठी गद्याचा अमोल ठेवा निर्माण केला. पुढे तो परक्यांच्या नजरेस पडू नये म्हणून सकळ लिपी आणि इतर सांकेतिक लिप्यांत लिहून मठांत बंद केला. त्यांची कारणे त्यांना पुरेशी असतील. पंथाने छळही सोसला होता. परंतु परिणाम असा झाला की, विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांसारख्या संशोधकांनी त्या लिप्यांची किल्ली शोधीपर्यंत मराठी वाचकाला आपल्याच भाषेतील हे आद्य गद्य माहीत नव्हते. ग्रंथ सुखरूप होता. पण वाचकांच्या कित्येक पिढ्या त्याच्यावाचून गेल्या.

उलट उदाहरण आपल्या वसईच्या इतिहासाला अगदी लागून आहे. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. किल्ल्यात जेझुइट पाद्र्यांच्या मंदिराची दर्शनी भिंत अजून उभी आहे. त्याच संघाचा एक इंग्रज पाद्री, फादर थॉमस स्टीफन्स, १५७९ साली गोव्यास आला आणि मराठीच्या प्रेमात पडला. त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' रचले आणि ते रोमन लिपीत १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापले गेले. म्हणजे महाराष्ट्रात छापखाना येण्यापूर्वी दीड-पावणेदोनशे वर्षे एका मराठी काव्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या होत्या.

ह्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने देशी भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले आणि अशा ग्रंथांचे दिवस फिरले. वाचले ते हाताने लिहिलेले. गोव्याहून कानडा मुलुखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी क्रिस्तपुराणाच्या नकला करून घरोघर ठेवल्या होत्या. उपासकाळात आणि सणावारी ते वाचीत. टिपू सुलतानाने ह्या लोकांना १७८४ साली श्रीरंगपट्टणास बंदीत नेले, तेथेही त्यांनी पुराणाचा आधार घेतला, असे परंपरा सांगते. ह्या हस्तलिखितांवरूनच जोसेफ सालढाणा ह्यांनी १९०७ मध्ये मंगळुरास ग्रंथ पुन्हा छापला. देवनागरी लिपीतील एक प्रत विल्यम मार्सडेन ह्याच्या संग्रहातून लंडनला पोहोचली होती. तिच्याकडे १९२० च्या दशकात जस्टिन ॲबट ह्यांनी विद्वानांचे लक्ष वेधले. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू ह्यांनी पुण्यास देवनागरी आवृत्ती काढली, आणि फादर नेल्सन फाल्काव ह्यांची सार्थ आवृत्ती तर अगदी आपल्या काळातली, २००९ ची.

छापलेले पुस्तक नाहीसे झाले आणि हाताने केलेले उरले. असे का व्हावे? छापील प्रती संख्येने अधिक होत्या, कागदही वाईट नसावा. मला ह्याचे एकच उत्तर दिसते. नकलून घेतलेले पुस्तक ज्याच्या घरी असे, त्याच्या घरात कोणीतरी ते लिहिलेले असे. ते त्याच्या जिव्हाळ्याचे होते. फाटले तर तो पुन्हा लिही. पुस्तक टिकविणारी गोष्ट कागद नव्हे, ती वापर होय. मंगळुराच्या त्या कुटुंबांनी पुराण काचेच्या कपाटात ठेवले असते, तर सालढाणांना छापावयास काय मिळाले असते?

छापखाना आला तेव्हा आपल्या लोकांनी पहिल्याने काय केले हेही पाहण्यासारखे आहे. नाना फडणिसांच्या काळी पुण्यात इंग्रज वकील मॅलेट ह्याच्या सहवासाने छपाईचा विचार निघाला. भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापावी, म्हणजे दानासाठी नकला करून घेण्याचे कष्ट वाचतील, असा मनसुबा होता. एका तांबटाने काम आरंभिले; पेशवाईचे ग्रह फिरले, कारागीर मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयास गेला आणि १८०५ साली मिरजेत ती गीता छापून निघाली. खिळे जुळवून छापलेले हे पुस्तक नव्हे. एकेक अक्षर हाताने, तेही उलटे कोरलेले. ते कलावंताचे पुस्तक म्हणावे की छापील, हे ठरविणे कठीण जाईल. पण ते करविणाऱ्यांचा हेतू स्पष्ट होता : पुष्कळांना देता यावे.

मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग काढले, ही हकीकत आपण ऐकली असेल. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात त्यांनी काम पाहिले आणि पुढे शाई, दगड, यंत्र ह्यांचे प्रयोग स्वतः केले. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ च्या 'मुंबईचे वर्णन' ह्या ग्रंथात त्यांच्याविषयी आदराने लिहिले आहे. त्या काळी भाविक मंडळी छापील कागदाला शिवावयास कचरत, शाईत चरबी असावी ह्या शंकेने. म्हणून शाईत तूप घालून पोथ्या छापल्या जात. शिळाछापात अक्षर लेखकाच्याच हातचे असे. पोथीचा आडवा आकार, सुटी पाने, समास, सगळे पूर्वीचेच राखले. वाचकाच्या हाताला पुस्तक परके वाटू नये ह्यासाठी ती सारी यातायात. त्या काळी वाचक स्वतःहून म्हणे, 'मी हात लावणार नाही', आणि छापणारा विनवी, 'लावा हो, तुपाची शाई आहे!' आज आपण नेमके उलटे टोक गाठले आहे.

पोथीच्या मांडणीविषयी बोलताना पिंगुळीच्या चित्रकथीला विसरून चालणार नाही. कुडाळजवळच्या पिंगुळी गावची ठाकर मंडळी रामायण-महाभारतातील एकेका आख्यानाची चित्रे कागदावर रंगवीत. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवीत आणि असा गठ्ठा झाला म्हणजे त्याला पोथी म्हणत. रात्री देवळात समईच्या उजेडात कथेकरी एकेक चित्र उचलून पुढे धरी आणि गाऊन, बोलून कथा सांगे. साथीला वीणा, टाळ, हुडूक. माझ्या मते मराठीतील सर्वांत अस्सल 'कलावंताचे पुस्तक' हेच. चित्र, क्रम, आवाज आणि हात ह्यांपैकी एकही काढून घेतले तर ते अपुरे होते. प्रदर्शनही त्यात आहेच. पण दाखविणारा माणूस पुस्तकामागे बसलेला आहे आणि 'आत काय लिहिलंय' हा प्रश्न विचारण्यापूर्वीच तो उत्तर देऊ लागतो.

ह्याच जातीची चित्रे पुढे 'पैठणी चित्रे' म्हणून जुन्या वस्तूंच्या बाजारात गेली. संग्रहालयांनी ती घेतली म्हणून वाचली हे खरे. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयाचे ऋण त्या बाबतीत मानलेच पाहिजे. पण पुष्कळ पाने सुटी-सुटी विकली गेली. एखाद्या दिवाणखान्यात चौकटीत बसवलेला घटोत्कच दिसतो. त्याच्या अलीकडचे पान एका गावी, पलीकडचे दुसऱ्या देशी. चित्र जिवंत आहे, पण पोथी मेली. पिंगुळीत ही विद्या ज्यांनी नेटाने धरून ठेवली त्या परशुराम गंगावणे ह्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या घरच्या लोकांनी जुन्या पोथ्या जपल्या आणि नव्या पिढीला कथा सांगण्यास शिकवले, ह्यात खरे मोल आहे.

इकडे मुंबईत १९५५ च्या सुमारास अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ ह्या तरुणांनी 'शब्द' नावाचे अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढले. स्टेन्सिल कापावयाची, यंत्राचा दांडा फिरवावयाचा, पाने जुळवून टाचावयाची. पैसा नव्हता म्हणून हात होते. १९६३ मध्ये अशोक शहाणे ह्यांचा 'असो' निघाला आणि मग तशा नियतकालिकांची रांगच लागली. कोणी त्यांना कलाकृती म्हटले नाही. म्हटले असते तर त्या मंडळींनी शिवी हासडली असती! पण कोलटकर जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले, जाहिरातीच्या धंद्यातले नामांकित कलाकार. पुस्तक म्हणजे काय वस्तू आहे हे त्यांच्याइतके थोड्यांनाच कळले असेल. १९७६ मध्ये मित्रांसह काढलेल्या 'क्लिअरिंग हाउस'ची पुस्तके आणि शहाण्यांच्या 'प्रास'ने काढलेले त्यांचे मराठी संग्रह हातात घेऊन पाहा. आकार, कागद, मोकळी जागा, सगळे कवितेबरोबर बोलते. 'शब्द'चे अंक आज अभ्यासकांना शोधूनही मिळत नाहीत. त्या काळी ते फुकट किंवा चार-सहा आण्यांना वाटले गेले, आणि वाचून फाटले. मला त्याचे फारसे दुःख होत नाही. त्या फाटलेल्या अंकांतूनच पुढची मराठी कविता निघाली. मुंबईत २०१७ पासून झीनांची, म्हणजे अशा घरगुती, हाती टाचलेल्या पुस्तिकांची जत्रा भरली, ती ह्याच घराण्यातली.

आता शेवटी आपल्या जिल्ह्याकडे येतो. पालघर जिल्हा २०१४ साली निराळा झाला. पण वारली चित्र ह्या मुलखात त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. लग्नाचा चौक सवाष्णी तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढीत. भिंत सारवलेली, कुंचला म्हणजे ठेचलेली काडी. १९७० नंतरच्या काही वर्षांत भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर कागद घेऊन गेले आणि जिव्या सोमा म्हसे ह्यांच्यासारख्या कलावंताचा हात जगाला दिसला. म्हसे ह्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते वारले. भिंत सोडून चित्र कागदावर आले, तेव्हा ते विकण्याजोगे झाले आणि त्याबरोबर एक संकटही आले. वारली आकृत्या चहाच्या कपांवर, पडद्यांवर, सरकारी भिंतींवर सर्वत्र दिसू लागल्या आणि काढणाऱ्याचे नाव मात्र कोठेच दिसेना.

ह्या पार्श्वभूमीवर चेन्नईच्या 'तारा बुक्स' ह्या प्रकाशनाचे एक पुस्तक मला मोलाचे वाटते. गीता वुल्फ ह्यांनी १९९४ मध्ये काढलेल्या ह्या संस्थेची निवडक पुस्तके हातकागदावर पडद्याच्या छपाईने एकेक रंग हाताने ओढून केली जातात. गोंड कलावंतांच्या 'द नाइट लाइफ ऑफ ट्रीज' ह्या पुस्तकाला २००८ साली बोलोन्याच्या बालग्रंथ जत्रेत पारितोषिक मिळाले. त्यांनीच २००९ मध्ये 'डू!' नावाचे क्रियापदांचे पुस्तक काढले. चित्रे वारली, रमेश हेंगाडी, शांताराम धडपे आणि त्यांच्या सोबत्यांची. कागद पुड्या बांधावयाचा तपकिरी, त्यावर पांढरी शाई, म्हणजे सारवलेली भिंतच जणू घडी घालून हातात दिली. माणसे नांगरतात, नाचतात, भांडतात, शिजवतात. मूल बोट ठेवून क्रियापदे शिकते. पुस्तक हाताने केलेले आहे, पण एकुलते एक नाही. पुष्कळ प्रती निघाल्या, मुलांनी चघळल्याही असतील. आणि चित्रकारांची नावे पुस्तकावर आहेत. ती असणे ही मेहेरबानी नव्हे, एवढे मात्र आपण लक्षात ठेवावे. जुना लेखकसुद्धा पोथीच्या शेवटी आपले नाव, गाव आणि शक लिहून ठेवीत असे.

तेव्हा ग्रंथजत्रेत हातची पुस्तके मांडूच नयेत, असे माझे म्हणणे मुळीच नाही, भरपूर मांडावीत. पाणपोईच्या अलीकडे नव्हे, दाराशी मांडावीत. प्रत्येक पुस्तकाची एक प्रत जाणूनबुजून हाताळण्यासाठी ठेवावी. एकच प्रत असेल आणि ती खरोखर नाजूक असेल, तर ती करणाऱ्याने स्वतः टेबलाशी बसून पाने उलटून दाखवावी, पिंगुळीच्या कथेकऱ्यासारखी. करणाऱ्याचे, शिवणाऱ्याचे, ठसे कोरणाऱ्याचे नाव पाटीवर असावे. किंमत लिहिलेली असावी, आणि शाळेतल्या मुलाला परवडेल असे काहीतरी, चार पानांची घडी का होईना, त्या टेबलावर असावे.

मी हे नुसते सांगत बसलो नाही. त्या मंडपातील तरुणांशी मी बोललो. त्यांनीही मोकळेपणाने ऐकले, थोडे भांडले. एकीने विचारले, "आणि फाटलं तर?" मी तिला जुन्या लेखकाचे ते चार शत्रू सांगितले. ती हसली, पण तिचे समाधान झालेले दिसले नाही, आणि ते योग्यच होते. दोन महिने तिचे होते, माझे नव्हते. तरी पुढच्या वेळी त्यांनी मोराच्या पिसाऱ्यासारख्या त्या पुस्तकाची दुसरी प्रत साध्या कागदावर केली आणि पाटी काढून टाकली. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत तिला कोणी हात लावला नाही. लोकांना सवय राहिली नव्हती. मग एका आजीबाईंनी, पदराला हात पुसून, पहिले पान उघडले. तीन दिवसांनी त्या प्रतीचे कोपरे काळे झाले होते, एका घडीला चीर गेली होती आणि सातव्या पानावर वड्याच्या तेलाचा एक अंगठा उमटला होता. मंडप उतरवीत असताना ती मुलगी खुर्चीवर बसून सुई-दोऱ्याने घडी शिवत होती, आणि तेलाचा तो अंगठा तिने तसाच राहू दिला.